शेतरस्ता मध्येच का वळतो?

अमेरिकेतील आयोवा राज्याचा जुना स्थलनिर्देशक नकाशा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा आम्हाला तो गणिताच्या वहीतला चौकटींचा कागदच वाटला. प्रमाण १:६२,५००, म्हणजे इंचाला जवळजवळ एक मैल. तपकिरी समोच्च रेषा आणि निळे ओढे हवे तसे वळतात. रस्ते मात्र त्यांची पर्वा न करता सरळ उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम धावतात.

हे चौकोन नकाशापेक्षा जुने आहेत. १७८५ च्या जमीनविषयक कायद्याने ६ मैल बाजूची 'टाऊनशिप' आणि तिचे एकेक चौरस मैलाचे ३६ भाग ठरवले. मोजणी ६६ फुटी साखळीने होई. (तिच्या निम्म्या, ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे आपला गुंठा!) आयोवात ही साखळी पोचली ती १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर, सॉक आणि मेस्क्वाकी लोकांची जमीन घेतली गेल्यावर.

आता एक कोडे. सरळ चाललेला रस्ता मध्येच काटकोनात वळतो आणि थोडे पुढे जाऊन पुन्हा उत्तरेची वाट धरतो. मोजणीदार चुकला का? नाही. रेखावृत्ते उत्तरेकडे एकमेकांजवळ येतात. ४२ अंश अक्षांशावर ६ मैल रुंदीचा पट्टा ६ मैल उत्तरेला जाईपर्यंत सुमारे ४३ फुटांनी अरुंद होतो. ही तूट साठत जाऊ नये म्हणून काही अंतरावर 'दुरुस्ती रेषा' आखून तिथून पुन्हा पुरे ६ मैल मोजत. पृथ्वीच्या गोलाईचा पुरावा म्हणून वर्गात आपण जहाजाचे शीडच किती वर्षे दाखवणार?

प्रत्येक टाऊनशिपचा सोळावा भाग त्या कायद्याने सार्वजनिक शाळांसाठी राखला होता. शाळेची खूण म्हणजे निशाण लावलेला काळा चौकोन. जुन्या आवृत्त्यांत शेतांमधून अशा एकखोली शाळा विखुरलेल्या दिसतात. पुढे शाळा एकत्र केल्या गेल्या आणि खुणा विरळ झाल्या.

उत्तर-मध्य आयोवातल्या दलदलीही अशाच गेल्या. हिमनदीने मागे ठेवलेल्या त्या सपाट जमिनीतले पाणी शेतकऱ्यांनी भाजलेल्या मातीचे नळ पुरून बाहेर काढले. मका उत्तम आला. पण त्याच नळांवाटे खतातले नायट्रेट ओढ्यांत आणि मिसिसिपीतून पार मेक्सिकोच्या आखातापर्यंत जाते. नकाशावर दिसतात ते फक्त नवे, पट्टीने आखल्यासारखे चर. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे १८८४ पासूनचे नकाशे आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात. एकाच भागाच्या दोन आवृत्त्या घेऊन विद्यार्थ्यांना शाळा, दलदली आणि चर मोजायला सांगावे.