शिरेतली नळी आणि सिस्टरांचे हात

  १९५६ साली वर्नर फोर्समन या जर्मन डॉक्टरला नोबेल मिळाले. १९२९ मध्ये त्याने स्वतःच्या हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी थेट हृदयापर्यंत सरकवली होती. निर्जंतुक साहित्य परिचारिका गेर्डा डिट्झेन यांच्या ताब्यात होते. त्यांच्याविना हा प्रयोग अडला असता, हे विसरता कामा नये.

पुढे मोठ्या शिरेतली नळी अतिदक्षता विभागात रुळली आणि औषधांबरोबर जंतूंनाही रक्ताची वाट सापडली.

उपाय साधे निघाले. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये हात धुणे, क्लोरहेक्झिडिनने त्वचा पुसणे, पूर्ण निर्जंतुक आवरण, जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे ही पाच कामे नेमाने झाली. संसर्गात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

रोजची राखण मात्र सिस्टरांचीच. नळीचे तोंड स्पिरिटने घासायचे, वाळू द्यायचे, मगच सिरिंज जोडायची. पारदर्शक ड्रेसिंग साधारण सात दिवसांनी बदलायचे. ओले झाले किंवा सुटले तर तत्काळ.

आपला माणूस अतिदक्षता विभागात असेल, तर भेटण्याआधी हात धुवा आणि त्या नळीला हात लावू नका.