‘कलोनियल कझिन्स’ : पहिल्याच अल्बमची किमया

गायक हरिहरन आणि गिटारवादक-संगीतकार लेस्ली लुईस या मुंबईकर जोडीचा ‘कलोनियल कझिन्स’ हा पहिला अल्बम १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय पॉप संगीताच्या वाटचालीत त्याचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

हरिहरन यांच्यावर कर्नाटक संगीताचे संस्कार घरातूनच झाले. पुढे उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ यांच्याकडे त्यांनी हिंदुस्थानी गायकीची तालीम घेतली. नृत्यदिग्दर्शक पी. एल. राज यांचे पुत्र असलेले लेस्ली लुईस पाश्चात्त्य संगीतात वाढले. जाहिरातींच्या जिंगल्समुळे दोघे एकत्र आले.

या अल्बममधील ‘कृष्णा’ हे गीत सर्वाधिक गाजले. पंधराव्या-सोळाव्या शतकातील संतकवी व्यासतीर्थ यांची यमुना कल्याणी रागातील कन्नड रचना त्याचा पाया आहे. लुईस यांच्या इंग्रजी ओळींत देवाच्या नावाने चाललेल्या द्वेषाची खंत असून निरनिराळ्या धर्मांच्या श्रद्धास्थानांना परत येण्याची विनवणी आहे. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलींचे घाव ताजे असलेल्या मुंबईत या आर्ततेला वेगळाच अर्थ लाभला. ‘सा नी ध प’ मध्ये सरगम व इंग्रजी गायन परस्परांशी संवाद साधतात. फ्यूजनच्या नावाखाली एका संगीताने दुसऱ्याची केवळ सजावट करावी, असे येथे घडत नाही. आलाप आणि गिटारचे कॉर्ड्स यांचा मान सारखाच राहतो.

नव्वदच्या दशकात केबलचे जाळे कुर्ला-घाटकोपरसारख्या उपनगरांतील चाळींपर्यंत पोहोचले होते. त्यामुळे चित्रपटाचा आधार नसलेले गाणेही घरोघरी दिसू लागले. ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ मध्ये झळकणारी ही पहिली भारतीय जोडी ठरली. एमटीव्हीचा दर्शक-पसंती पुरस्कारही तिला मिळाला.

त्यानंतर ‘द वे वुई डू इट’ (१९९८), ‘आत्मा’ (२००१) आणि ‘वन्स मोअर’ (२०१२) हे अल्बम आले. मात्र दरम्यानच्या काळात चित्रपटसंगीताने पॉपची जागा पुन्हा व्यापली आणि पहिल्या अल्बमइतका गाजावाजा त्यांच्या वाट्याला आला नाही. हरिहरन यांना पुढे ‘जोगवा’ या मराठी चित्रपटातील ‘जीव रंगला’ या गीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाबाहेरचे गाणे स्वतःच्या बळावर उभे राहू शकते, याची साक्ष मात्र त्यांच्या व लुईस यांच्या या पहिल्या अल्बमने त्याआधीच दिली होती.