कथलाच्या शिपायाची सावली

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा आपण सर्वांनीच हातात घेतलेला असतो. डोळ्यांचे दोन काळे ठिपके आणि मिशीची एक रेघ, एवढ्यावर त्याचा चेहरा उभा राहतो. मात्र अंगरख्याच्या चुण्या, बोटे वगैरे मातीत कोरलेली असूनही दिसत नाहीत. हीच अडचण जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या कारागिरांपुढे होती.

18व्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील हिल्पर्ट यांचे चपटे शिपाई प्रसिद्ध झाले. पाटीच्या दगडाच्या दोन तुकड्यांवर आकृती खोल कोरायची आणि त्या साच्यात कथील व शिसे यांचा रस ओतायचा, अशी ही रीत. पुढे 1839 मध्ये सुरू झालेल्या हाइनरिक्सेन यांच्या कारखान्याने सुमारे 30 मिलिमीटर उंची रूढ केली. रंगकाम बहुधा बायका व मुले घरी बसून, नगावर मजुरी घेऊन करीत. कारखानदारांची नावे राहिली, रंगवणाऱ्यांची क्वचितच.

आता थोडे गणित करू. निरोगी डोळ्याला सुमारे एक कलामिनिट कोनातले तपशील वेगळे दिसतात. 30 सेंटिमीटरवर ही मर्यादा 0.09 मिलिमीटर होते. शिपाई खऱ्या माणसाच्या सुमारे 57 पट लहान. म्हणजे तो हातात धरणे हे खरा माणूस 17 मीटरवरून पाहण्यासारखे आहे! खऱ्या बटणाखालची 1 मिलिमीटरची सावली इथे 0.02 मिलिमीटर उरते. ती दिसणार कशी?

म्हणून सावली रंगवावी लागते, तीही खऱ्यापेक्षा रुंद आणि गडद. चपट्या शिपायाला उठावच कमी, त्यामुळे प्रकाश वरून एका बाजूने येतो असे मानून छटा द्याव्या लागतात. खेळण्यांवर सपाट रंगच भागत असत. छटांची हौस संग्राहकांनी वाढवली. भरीव आकृतीचे काम सोपे. पातळ गडद रंग फासला की तो आपोआप खाचांत साचतो. मग जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवला की कडा उजळतात. गडद-फिक्याच्या सीमेवर डोळा फरक वाढवून पाहतो, हे एर्न्स्ट माख यांनी 1865 मध्ये दाखवले होते. कारागीर ते न सांगताच वापरीत होते.

आम्ही शाडूच्या मावळ्यावर हे करून पाहिले. कोरी माती सगळा रंग पिऊन टाकते, म्हणून आधी तैलरंगाचा हात दिला. त्यावर काळे जलरंगाचे पाणी फासले, तर ते खाचांत उतरण्याऐवजी थेंबाथेंबाने गोळा झाले. त्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब घातला. पृष्ठताण कमी झाला, आणि चुण्या दिसू लागल्या.