सुईणीपासून ‘दिलासा’पर्यंत

बाळंतिणीचा आहार, बाळगुटी, धुरी-शेगडी यांविषयी आपल्या स्मरणिकेत पुष्कळ लिहून आले आहे. संपादिकाबाईंनी यंदा मला लिहावयास सांगितले, तेव्हा मी निराळा विषय मागून घेतला. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला सुईण, परिचारिका आणि डॉक्टर यांचा आधार कसकसा मिळू लागला, त्याची ही हकीकत. प्रसूतिविभागात परिचारिका म्हणून माझी हयात गेली, एवढाच माझा अधिकार.

स्त्रीच्या अंगावरचे वळ घराबाहेरच्या ज्या माणसाला प्रथम दिसत, ते माणूस म्हणजे सुईण. सव्वा महिना तेल लावणारीपासून पाठ लपवणार कशी? पण तिचे पोट त्याच घरच्या धान्यावर आणि लुगड्यावर. एखादी खमकी निघे, सासूला चार शब्द सुनावी. बाकीच्या हळद लावून गप्प बसत. त्यांना दोष देण्याचे मला धाडस होत नाही.

पुण्यात १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. संकटात सापडलेल्या विधवेने तेथे गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा तेथेच ठेवावे. बाळंतपणाची खोली ही आसऱ्याचीही जागा होऊ शकते, हे त्या घराने दाखवून दिले. पुढे १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांचे चरित्र आपण कौतुकाने वाचतो. परंतु लहानपणी पतीच्या हातून सोसलेल्या माराबद्दल त्यांनी खुद्द पतीलाच पत्रातून लिहिले होते, हे फार थोड्या भगिनींना ठाऊक असते.

दवाखाने वाढले, परिचारिका वाढल्या, आणि तरी केसपेपरवर ‘न्हाणीघरात घसरून पडली’ हेच वाक्य वर्षानुवर्षे उतरत राहिले. मी पाहिलेल्या एका दवाखान्यात सातव्या महिन्यातील एक मुलगी तीनदा अशीच ‘घसरली’. तिच्या न्हाणीघराची फरशी बदला, असा सल्ला एका डॉक्टरांनी गंभीरपणे दिला होता! पोटावरील माराने रक्तस्राव होतो, दिवस भरण्याआधी कळा येतात, हे त्यांना ठाऊक नव्हते थोडेच. पण घरगुती भांडण हे आपले काम नव्हे, अशी समजूत.

ही समजूत मोडण्याचे मोठे काम मुंबईत झाले. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. त्याची खुबी अशी, की ते रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून चालले. वारंवार गर्भपात, ‘चुकून’ घेतलेले विष, जुळून न येणाऱ्या जखमा दिसल्या, की परिचारिकेने बाईला तेथे पाठवायचे. दवाखान्यात जाते म्हटले तर घरचे अडवीत नाहीत. पोलीसचौकीत जाते म्हटले तर अडवतात. म्हणूनच जागा अचूक निवडली, असे मला वाटते. पुढे मुंबईतील इतर पालिका रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली.

२०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचे सार आमच्या भाषेत सांगते. सोबतच्या माणसासमोर कधी विचारू नये. नवरा हटत नसेल तर त्याला औषधाच्या रांगेत उभे करावे; तेवढी दहा मिनिटे पुरतात. ऐकताना घाई नको, ‘तू उलट बोललीस का?’ हा प्रश्न तर नकोच. आज रात्री घरी जाणे धोक्याचे आहे का, हे मात्र विचारलेच पाहिजे. घर सोडायचे की नाही, ते तिने ठरवायचे.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने आणि त्याखालील नियमांनी आणखी बळ दिले. तक्रार केलेली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि वैद्यकीय अहवालाची प्रत तिला मोफत मिळाली पाहिजे. ती प्रत घरच्या ट्रंकेत न ठेवता माहेरी किंवा विश्वासू शेजारणीकडे ठेव, असे मी प्रत्येकीच्या कानात सांगत असे.