सुरत महानगरपालिका : अर्ज कोणाकडे, निर्णय कोणाचा?

तापीच्या डाव्या तीरावरील जुन्या सुरतेत मुगलीसरा नावाची एक दगडी वास्तू आहे. शहाजहानच्या काळात, १६४४ मध्ये, ती सराई म्हणून उभी राहिली. मक्केच्या वाटेवरील यात्रेकरू जहाजाची वाट पाहत येथे मुक्काम करीत. १८६७ पासून या वास्तूत सुरतेच्या पालिकेचे कार्यालय आहे. पुढे यात्रेकरूंच्या जागी अर्जदार आले. नळाला पाणी नाही, गटार तुंबले, घरपट्टीची आकारणी चुकली, मुलांसाठी मराठी शाळा हवी, असे अर्ज घेऊन माणसे या दारात येत राहिली.

सुरतेत नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली आणि १९६६ मध्ये तिला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. या संस्थेचा राजकीय इतिहासही लहान नाही. असहकार चळवळीत येथील नगरसेवकांनी सरकारी अनुदान आणि शिक्षण खात्याची तपासणी नाकारून प्राथमिक शाळा राष्ट्रीय केल्या. त्यावर ब्रिटिश सरकारने १९२२ मध्ये अहमदाबादेच्या पालिकेबरोबर सुरतेची पालिकाही बरखास्त केली. शाळांवर हुकमत कोणाची, हा प्रश्न या शहरात शंभर वर्षांपूर्वीच ऐरणीवर आला होता.

गोव्यातील वाचकाला सुरतेचा पसारा समजण्यासाठी पणजीचे उदाहरण उपयोगी पडेल. २०११ च्या जनगणनेनुसार सुरत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ४४ लाख ६८ हजार होती, म्हणजे गोवा राज्याच्या तिपटीहून अधिक. पणजीत सुमारे ४० हजार लोकांसाठी ३० नगरसेवक आहेत. सुरतेतही प्रभाग ३० च आहेत, मात्र प्रत्येक प्रभागातून चार याप्रमाणे नगरसेवक १२०. तेव्हाच्या लोकसंख्येने भागिले तर एका नगरसेवकाच्या वाट्याला ३७ हजारांवर माणसे येतात. जवळजवळ एक पणजी शहरच! २०२० मध्ये सचिन आणि कनकपूर-कनसाड या नगरपालिका व भोवतालची गावे शहरात सामील झाली. त्यामुळे हे प्रमाण आणखी वाढले. पणजीत नगरसेवक बाजारात, देवळात किंवा चर्चच्या पायऱ्यांवर भेटू शकतो. सुरतेत ते शक्य नाही. अशा शहरात नागरिकाचे गाऱ्हाणे यंत्रणेमार्फतच वर जाते, आणि यंत्रणा नसेल तर ते वाटेतच विरते.

कायद्याची चौकट मूळ मुंबई राज्याची आहे. १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात पालिकेची कर्तव्ये दोन भागांत विभागलेली आहेत. कलम ६३ मध्ये अनिवार्य कर्तव्ये आहेत. सफाई, मलनिस्सारण, दिवाबत्ती आणि प्राथमिक शिक्षण ही त्यांतील काही. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये येतात. अर्जदाराच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. पहिल्या वर्गातील मागणी हा त्याचा हक्क ठरतो, दुसऱ्या वर्गातील मागणी मात्र पालिकेच्या मर्जीवर आणि तिजोरीवर अवलंबून राहते. महापौर हे शहराचे प्रथम नागरिक असले तरी कलम ६७ नुसार कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे असते आणि आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करते. सर्वसाधारण सभा धोरण ठरवते, स्थायी समिती खर्चाला मंजुरी देते, पण रस्त्यावर झाडू फिरतो तो आयुक्ताच्या हुकमाने. त्याच कलमाने आयुक्ताला आपत्काळी आधी कृती करून मग स्थायी समितीला कळवण्याची मुभा दिलेली आहे.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला तेव्हा या अधिकारांची कसोटी लागली. आदल्याच महिन्यात बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगाचे रुग्ण आढळले होते. सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगाचे निदान झाले आणि काही दिवसांतच लाखो माणसांनी शहर सोडले. हिरे आणि कापडाचे कारखाने ओस पडले. खानदेशातून यंत्रमागावर मजुरीला आलेली कुटुंबे मिळेल त्या गाडीने धुळे-जळगावकडे परतली. मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास होता. शहराच्या आकारमानाने तो मोठा नव्हे. पण पुराचे साचलेले पाणी, कुजलेला कचरा आणि उघडी गटारे यांनी सुरतेची जी अपकीर्ती केली ती जगभर पोहोचली. सखल वस्त्यांतून कचरा आणि गटारांबाबत गाऱ्हाणी त्याआधीही येतच होती. ती ऐकून निर्णय घेईल असा माणूस जवळपास नव्हता, इतकेच.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त झाले. त्यांच्या कारकिर्दीचे वर्णन बहुधा स्वच्छतेच्या अंगाने केले जाते, आणि ते खोटे नाही. रात्रीची झाडलोट, उपाहारगृहांची तपासणी, झोपडपट्ट्यांत शौचालये, बड्यांच्या अतिक्रमणांवरही हातोडा, हे सारे घडले. १९९६ मध्ये ‘इन्टॅक’ संस्थेने सुरतेला देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरवले. मात्र खरा बदल कागदावर झाला होता. शहराचे सहा झोन पाडून प्रत्येक झोनच्या प्रमुखाला आयुक्ताचे प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार बहाल करण्यात आले. गटाराचे झाकण बसवण्यासाठी मुगलीसराची मंजुरी लागेनाशी झाली. अधिकाऱ्यांनी सकाळी कार्यालयात न बसता रस्त्यावर फिरायचे आणि दुपारी एकत्र बसून अडचणी निकाली काढायच्या, असा दंडक पडला. त्याला ‘एसी टू डीसी’ असे गमतीदार नाव मिळाले, म्हणजे वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामाकडे. नागरिकांच्या तक्रारी कार्डांवर नोंदवून, तातडीच्या आणि कमी तातडीच्या असे वर्ग करून, त्या मुदतीत निकाली काढण्याची पद्धतही तेव्हाच रुळली.

राव गेले, पद्धत टिकली. याला अपवादाचे मोल आहे, कारण आपल्याकडे कर्तबगार अधिकाऱ्याबरोबर त्याची सुधारणाही बदली होऊन जाते. आज सुरतेत तक्रार दूरध्वनीवर, मोबाइल ॲपवर वा झोन कार्यालयात नोंदवता येते. जन्म-मृत्यूचे दाखले आणि कराचा भरणा नागरी केंद्रांतून होतो. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरसह पहिला क्रमांक पटकावला. तरीही एक गोष्ट नोंदवावी लागते. ही तत्परता प्रशासनाकडून आली, सभागृहाकडून नव्हे. २०२१ च्या निवडणुकीत भाजपला ९३ आणि आम आदमी पक्षाला २७ जागा मिळाल्या, काँग्रेसला एकही नाही. पण नागरिकाच्या तक्रारीचा मार्ग त्या निकालाने बदलला नाही. शिवाय नोव्हेंबर २००७ मध्ये जकात रद्द झाल्यापासून पालिकेच्या उत्पन्नाचा एक मोठा भाग राज्याच्या अनुदानाशी बांधला गेला आहे.

मराठी माणसाचा या पालिकेशी सर्वांत जवळचा संबंध येतो तो शाळेमुळे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेल्यांच्या दाट वस्त्या आहेत. सुरत-भुसावळ लोहमार्गाने त्यांचे येणे-जाणे सोपे केले. पालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, इंग्रजी, ओडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांतून शाळा चालवते. यातही कायद्याचा तो भेद दिसतो. प्राथमिक शिक्षण हे अनिवार्य कर्तव्य आहे, परंतु ते कोणत्या भाषेत द्यायचे याचे उत्तर वस्तीच्या मागणीतून निघते. ज्या समाजाची मुले आणि मते एका भागात एकवटलेली असतात त्याची मागणी लवकर ऐकू येते, हेही खरे. चार घरे इकडे, चार तिकडे अशा विखुरलेल्या कुटुंबांना हा लाभ मिळणे कठीण.

झोनच्या पातळीवर सुटत नाहीत असे प्रश्नही आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्यूसेक पाणी सोडले गेले आणि बहुतेक शहर बुडाले. धरणाचा दरवाजा पालिकेच्या हाती नाही. तिला पूर्वसूचनेची यंत्रणा उभारणे तेवढे शक्य होते आणि त्या दिशेने पुढे काम झाले. तापीकाठच्या झोपड्या हटवून कुटुंबांना कोसाडसारख्या दूरच्या वसाहतींत घरे दिली गेली. छप्पर पक्के झाले, पण कामाची जागा दूर गेली.

मिठी खाडीचा प्रश्न वेगळाच आहे. सुरतेत खाडी म्हणजे समुद्राची नव्हे, तर शहरातून वाहणारा मोठा ओढा. तो लिंबायतमधून जातो. तापी शांत असतानाही मुसळधार पावसात त्याचे पाणी घरांत शिरते. पालिका गाळ काढते, पंप लावते, माणसांना शाळांत हलवते. खाडीचे पाणी मात्र शहराच्या हद्दीबाहेरील शिवारांतूनही येते, आणि तेथे झोन अधिकाऱ्याचा हुकूम चालत नाही.