अपुऱ्या खडकाची साक्ष

विद्वानांचे ग्रंथ विद्वानांसाठीच असतात, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. इतिहासाच्या वा कलेच्या एखाद्या नव्या ग्रंथाचे नाव ऐकले की आपण दुरूनच नमस्कार करतो. परंतु असा ग्रंथ कधीकधी आपल्याच अंगणातील वस्तू पुन्हा पाहावयास लावतो. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन पंडिताचे अजिंठ्यावरील खंड २००५ पासून निघू लागले, ते या जातीचे आहेत.

अजिंठ्याची काही लेणी इसवी सनापूर्वीच्या परंपरेतील आहेत, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो उरलेल्यांविषयी. पहिल्या लेण्यातील परदेशी पुरुषांच्या चित्रात जेम्स फर्ग्युसन यांना दुसऱ्या पुलकेशीकडे आलेला इराणचा वकील दिसला, आणि ते चित्र सातव्या शतकात जाऊन बसले. कित्येक पिढ्या येथे खडक फोडीत होत्या, असे मग सर्वजण धरून चालले. स्पिंक म्हणतात, तसे नव्हे. वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, इ. स. ४६० च्या सुमारास हे काम सुरू झाले आणि पुरती वीस वर्षे लोटण्यापूर्वी सारे थांबले.

याला पुरावा काय? सोळाव्या लेण्यात हरिषेणाचा अमात्य वराहदेव याचा लेख आहे, तो तर आहेच. पण स्पिंक यांनी त्याहून साध्या गोष्टी विचारल्या. दाराची फळी ज्या खळग्यात फिरे, तो खळगा कसा कोरला आहे? तो झिजला आहे काय? गाभाऱ्यात दिव्याची काजळी धरली आहे काय? चोविसाव्या लेण्यातील अर्धवट खांब कोणत्या अवस्थेत सोडले गेले? अपुरे राहिलेले काम हाच त्यांचा मुख्य साक्षीदार.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हरिषेणानंतरच्या नाशाची कथा स्पिंक दंडीच्या ‘दशकुमारचरिता’च्या आधाराने जुळवतात. त्या कथेत वाकाटकांचा इतिहास दडला आहे, हा विचार नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी त्यांच्या आधीच मांडला होता. परंतु ती अखेर कथा आहे, बखर नव्हे. शिवाय वर्षावर्षाचा हिशेब लावण्याचे स्पिंक यांचे धाडस कित्येक अभ्यासकांना मान्य नाही. काम पुढेही काही काळ चालले असावे, असे ते म्हणतात. वाद मिटलेला नाही, आणि २०१९ मध्ये स्पिंक निवर्तले.

तथापि या वादात आपलेही काही गुंतले आहे. एवढे वैभव पिढ्यांच्या संथ साधनेतून आले, की एका स्थिर राज्याच्या आधारावर झपाट्याने उभे राहून त्या राज्याबरोबरच थांबले? दुसरे खरे असेल, तर कला किती नाजूक धाग्यावर लोंबकळते हे आपण ओळखले पाहिजे. आणखीही एक गोष्ट. स्पिंक यांच्या मते धनिक आश्रयदाते गेल्यावर तेथे उरलेल्या भिक्षूंनी व भाविकांनी, मूळ योजनेचा विचार न करता, मिळेल त्या भिंतीवर लहान लहान बुद्धमूर्ती कोरवून घेतल्या. राजाश्रय संपला, श्रद्धा लगेच संपली नाही.

तेव्हा पुढच्या खेपेस अजिंठ्याला जाल तेव्हा पद्मपाणीला अवश्य पाहा. पण दाराच्या चौकटीपाशीही क्षणभर वाका. ज्या ग्रंथातील पुरावा सामान्य माणसास स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतो, तो ग्रंथ केवळ विद्वानांचा राहत नाही.