जुन्या पाळण्याची परीक्षा

मराठी घरात पाळणा ही वस्तू विकत घेण्यापेक्षा मागून आणण्याचीच रीत पुष्कळ काळ रूढ होती. बारशाचा दिवस ठरला, की एखाद्या लेकुरवाळ्या घरातला पाळणा माळ्यावरून उतरवून आणावा, धुऊन-पुसून तुळईच्या कड्यांना साखळ्यांनी टांगावा, वर चिमणाळे बांधावे, आणि ज्या पाळण्यात बाप निजला त्यातच आता लेक निजणार हे आजीने आल्यागेल्याला अभिमानाने सांगावे, यात काटकसर होती तशीच श्रद्धाही होती. जेथे इतकी मुले सुखरूप वाढली तेथे आपलेही वाढेल, ही ती श्रद्धा. आणि तिला त्या काळच्या गृहरचनेचा आधार होता. टांगता पाळणा मूल उठून बसू लागेपर्यंतच कामाचा, आणि त्याची दोरी बहुधा कोणाच्या ना कोणाच्या हाती असल्यामुळे त्यातील दोष दृष्टीआड राहणे कठीण असे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही परिचितांकडून पाळणा घेण्याची ही रीत टिकून आहे. परंतु तेथे हाती येणारी क्रिब, म्हणजे चार पायांवर उभा असलेला कठड्याचा पाळणा, निराळ्या धर्माची वस्तू आहे. तीत मूल दोन-दोन वर्षे निजते, उभे राहते, कठडा चावते, आणि रात्रभर पुष्कळदा एकटे असते. सबब तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी पाहणाऱ्याच्या डोळ्यांवरून तिच्या बांधणीवर येऊन पडते, आणि ती बांधणी कशी असावी याचा इतिहास फार दुःखद आहे.

ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी १९७२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या अमेरिकन आयोगाने १९७३ साली क्रिबसंबंधी सक्तीचे नियम जारी केले. कठड्याच्या दोन गजांमधील अंतर दोन पूर्णांक तीन अष्टमांश इंचांहून, म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटरांहून, अधिक नसावे, हा त्यांतील मुख्य नियम होय. त्यापूर्वीच्या रुंद फटींतून तान्ह्या मुलाचे पाय आणि धड बाहेर सरकत, पण डोके आत अडकून राही, आणि त्या अवस्थेत मुले गुदमरून दगावत. या एका मापामागे अशी किती तरी घरे उजाड झाल्याचा दाखला आहे. १९७८ मध्ये घरगुती रंगांतील शिशावर तेथे कडक मर्यादा घातली गेली, कारण दात येणारे मूल कठडा कुरतडते आणि रंगाच्या पापुद्र्याबरोबर पोटात जाणारे शिसे त्याच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते. भारतात दहा लाख भागांत ९० भाग ही शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आली. तेव्हा आपल्याकडील वडिलोपार्जित रंगीत पाळणाही या शंकेतून मुक्त नाही.

वापरलेल्या क्रिबसंबंधीचा सर्वांत मोठा धडा मात्र १९९८ साली शिकागोत मिळाला. तेथे सांभाळणाऱ्या बाईंच्या घरी निजविलेले सुमारे दीड वर्षाचे मूल, घडीची क्रिब मधोमध कोसळून तिच्या दोन बाजूंत मान सापडल्याने, दगावले. ती क्रिब सदोष म्हणून १९९३ मध्येच परत मागविण्यात आली होती. परंतु तो जाहीरनामा तिच्या वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचलाच नव्हता. मृत बालकाच्या आईबापांनी चळवळ उभारली, आणि २००८ च्या कायद्यातील त्या बालकाच्या नावाच्या प्रकरणाने उत्पादकांवर खरेदीदाराच्या नोंदणीचे पत्रक वस्तूबरोबर देण्याची सक्ती केली. जुनी क्रिब घेणाऱ्याने येथेच थांबून विचार करावा: नोंद झाली असलीच तर ती पहिल्या मालकाची आहे, आणि धोक्याची सूचना निघाली तर ती त्याच्याच पत्त्यावर जाईल.

त्याच कायद्याच्या आधारे २०१० च्या डिसेंबरात आयोगाने नवे नियम मंजूर केले, आणि २८ जून २०११ पासून खाली सरकणाऱ्या बाजूच्या क्रिबची विक्री बंद झाली. मुलास उचलून घेताना आईची पाठ वाकू नये म्हणून केलेली ही सोय. पण वारंवार उघडण्या-जोडण्याने तिची कडी-खिट्टी झिजे, बाजू सुटे, आणि गादी व कठडा यांमध्ये पडलेल्या फटीत मूल अडके. सन २००० पासूनच्या दशकात या प्रकाराने किमान ३२ मुले गेली.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष असा, की पाळण्याची थोरवी त्याच्या वयावर किंवा त्यात वाढलेल्या मुलांच्या संख्येवर ठरवू नये. वाचलेली मुले साक्ष देतात, गेलेली देऊ शकत नाहीत. निर्मितीचा महिना व वर्ष ज्यावर वाचता येत नाही, किंवा ते २०११ च्या नियमांपूर्वीचे आहे, ती क्रिब नाकारावी. नंतरची असली तरी ती परत मागविलेल्यांच्या यादीत नाही ना हे पाहावे, गजांमधील अंतर मोजावे, एकही गज वा स्क्रू सैल अथवा गहाळ नाही याची खात्री करावी, आणि गादी व कठडा यांच्यामध्ये दोन बोटे मावत असतील तर ती गादी त्या क्रिबची नव्हे असे समजावे. वडीलधाऱ्यांनी प्रेमाने देऊ केलेला पाळणा नाकारणे जिवावर येते, हे खरे. त्यांचा आशीर्वाद घ्यावा, अंगडे-टोपडे घ्यावे, आणि परीक्षेत न उतरलेला पाळणा मात्र दुसऱ्या कोणास न देता मोडून टाकावा, एवढीच प्रत्येक आईबापांस कळकळीची विनंती आहे.